दर सहावा सूर मुका

"त्याची एक की मेलीय गा. पण कुठली ते सापडत नाही," मामा म्हणाला होता.

मेलेली की सापडत नाही म्हणजे काय, हे मला आधी कळेना. एकसष्ट तर कीज. एकेक दाबत जायचं, वाजली नाही ती मेली. बेळगावातल्या शहापुरात मामाच्या माजघरात सोलापुरी चादर सोडून मी रोलँड जुनो-106, म्हणजे मामाचा जुना सिंथेसायझर (आवाज स्वतः घडवता येणारा विजेवरचा कीबोर्ड), समोर घेतला आणि तेच केलं. सा वाजला, रे वाजला, ग, म, प वाजले. ध गप्प. सापडली म्हणून ध पुन्हा दाबला, तर व्यवस्थित वाजला. पुढे नी, वरचा सा, रे, ग ठीक, आणि म गप्प. तोही पुन्हा दाबल्यावर वाजला. मामा खुर्चीत बसून बघत होता. "बघ की. मी तीस वर्षं हेच सांगालोय."

(बेळगावचे आम्ही असंच बोलतो. पुण्याच्या वाचकांनी व्याकरण काढू नये.)

या वाद्याची आठवण निघाली ती वाऱ्यामुळे. मी उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये नोकरी करतो आणि संध्याकाळी लॅपटॉपवर आमच्या गल्लीच्या मंडळासाठी साउंड करतो. बेळगावची शिवजयंती वैशाखात, तिथीनं, आणि तिची खरी मजा चित्ररथाच्या रात्री. ट्रॉलीवर सजीव देखावा, संवाद आधी रेकॉर्ड केलेले, पोरं फक्त ओठ आणि तलवारी हलवतात. त्यामुळे देखाव्याचा अर्धा जीव साउंडमध्ये असतो. गेल्या वर्षी आम्ही तिघा मंडळांनी नेटवरची एकच फुकट फाईल वापरली होती. एकच कुत्रा तीन देखाव्यांत, तीन वेगवेगळ्या गडांवर, अगदी त्याच सुरात भुंकला. लोकांनी ओळखलं. यंदा देखावा पन्हाळ्याहून सुटकेचा, 1660 च्या आषाढातली ती पावसाची रात्र. वारा स्वतः बनवायचा, असं मी बैठकीत छाती पुढे काढून सांगून बसलो.

लॅपटॉपवर सिंथेसायझरचे प्लगइन, म्हणजे सॉफ्टवेअरमधली वाद्यं, होते. नॉइज (नुसती सूंसूं) घ्यायचा, त्यावर फिल्टर (आवाजाचा काही भाग गाळणारी चाळणी) लावायचा, फिल्टर वरखाली करायचा, की वारा तयार. करून बघितलं. माउसनं एक गोल बटण फिरवत पाच मिनिटं वारा वाजवणं म्हणजे चमच्यानं विहीर उपसणं. वारा एका वेळी चार गोष्टी बदलतो, माउस एकच. मामाच्या मशीनवर सरकपट्ट्यांची अख्खी रांग असल्याचं लहानपणापासून डोळ्यांत होतं. हात लावला की ओरडा पडायचा, म्हणून जास्तच लक्षात राहिलं होतं.

मामा 80 च्या दशकात ऑर्केस्ट्रात वाजवायचा. गणपती, उरूस, लग्न, निपाणी, गोकाक, खानापूर. स्टेजवर एक गाणं मराठी, एक कन्नड, मग हिंदी, आणि मध्ये कुणी पाटील उठला की पुन्हा तेच मराठी. जुनो-106 बाजारात आला 1984 मध्ये. मामानं तो दोन वर्षांनी जहाजावर वाजवणाऱ्या एका गोव्याच्या वादकाकडून घेतला. किती दिले, असं विचारलं तर म्हणाला, "तुझ्या आजीला शेवटपर्यंत सांगितलो नाही, तुला काय सांगू?" तो वादक विकायला का निघाला, याचं कारण मात्र सरळ होतं. 1983 मध्ये यामाहाचा डीएक्स-7 आला आणि सगळ्यांना त्याचा काचेसारखा, घंटेसारखा आवाज हवा झाला. पूर्ण डिजिटल, एका वेळी सोळा सूर, कीवर जोर द्याल तसा आवाज कमीजास्त. जुनोत सहाच सूर, आणि की हळू दाबा की आपटा, आवाज तोच. जगभर लोकांनी जुनी मशीनं काढून टाकली, त्यातलं एक आमच्या शहापुरात आलं. पुढे ताल आणि तबला आतच भरलेले कीबोर्ड आले, शेजारी ऑक्टोपॅड आला, आठ माणसांचा ऑर्केस्ट्रा दोघांत होऊ लागला. 106 माळ्यावर गेला.

आता मुक्या सुराकडे येतो. या वाद्यात एकसष्ट कीजना एकसष्ट आवाज नसतात. आत सहा कारागीर बसलेत असं समजा. की दाबली की ज्याची पाळी असेल तो कारागीर तो सूर वाजवतो, पुढची की पुढच्याकडे जाते. सहातला एक मेला तर मेलेली की कुठेच सापडणार नाही, कारण की मेलेलीच नाही. दर सहावं काम त्या मेलेल्याच्या वाट्याला येतं, एवढंच. मामानं तीस वर्षं कीजना शिव्या दिल्या. मधल्या काळात दोघा मिस्त्रींनी कीजखालचे रबर साफ करून पैसेही घेतले.

खडेबाजारच्या बाजूला रेडिओ दुरुस्त करणारे एक काका आहेत. घरी कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी, सर्किटशी दोन्ही. त्यांच्याकडे नेलं. मी लगेच चिपांबद्दल बोलायला लागलो, तर त्यांनी हात वर केला. "मोदल पॉवर नोडोण्री." आधी पॉवर बघू. वाद्य जपानी बाजाराचं, म्हणजे 100 व्होल्टचं. मामाकडे त्यासाठी लाकडी खोक्यातला ट्रान्सफॉर्मर होता. एकदा निपाणीत मांडववाल्याच्या पोरानं घाईत वायर थेट बोर्डात खुपसली होती. फ्यूज गेला आणि त्या रात्री मामानं हार्मोनियमवर भागवलं. फ्यूजनं वाचवलं, नाहीतर ही गोष्ट तिथेच संपली असती. काकांनी जुना ट्रान्सफॉर्मर बाजूला ठेवला, वाइंडिंगवाल्याकडून 230 चं 100 करणारा नवा बांधून आणायला लावला, आणि तो आल्याशिवाय स्विच लावू दिला नाही. मग मीटर. अधिक 15, उणे 15 आणि 5 व्होल्ट असे तीन पुरवठे असतात. उणे 15 मध्ये घरघर होती. पुरवठ्यावरचे फुगलेले कपॅसिटर बदलले तेव्हा ती थांबली. ह्यात दोन रविवार गेले. सांगायला चार ओळी पुरल्या, पण माझ्या मते दुरुस्तीचा निम्मा भाग हाच होता.

मेलेला कारागीर शोधायला कंपनीनंच सोय करून ठेवली आहे. ट्रान्स्पोजचं बटण दाबून धरायचं आणि मशीन चालू करायचं. मग की दाबली की पडद्यावर त्या कारागिराचा नंबर येतो. चार नंबर आला की शांतता. दोन नंबर वाजत होता, पण सूर सोडल्यावर मागे तव्यावर मोहरी तडतडल्यासारखा आवाज. काकांनी मीटर खाली ठेवला आणि पहिल्यांदा हसले. "आता रोगी सापडला."

रोग प्रसिद्ध आहे. प्रत्येक कारागिराचा फिल्टर आणि आवाज कमीजास्त करणारा भाग 80017ए नावाच्या एका छोट्या पट्टीवर आहे. अशा सहा पट्ट्या. त्यावर कंपनीनं काळा राळेसारखा थर चढवला. इतक्या वर्षांत तो थर बिघडतो, त्यातून जिथे जाऊ नये तिथे वीज झिरपते आणि आवाज मरतो किंवा तडतडतो. आतले भाग बहुतेक वेळा ठीक असतात, मारेकरी वरचं पांघरूणच. उपाय गावठी वाटावा असा आहे: पट्टी काढायची, अॅसिटोनमध्ये बुडवायची, थर मऊ झाला की सोलून काढायचा.

पण त्याआधी मी एक घोळ केला, तो सांगायलाच हवा.

या वाद्यात 128 आवाज साठवता येतात आणि ती स्मरणशक्ती एका नाण्याएवढ्या सेलवर जिवंत असते. सेल काढला की सगळं पुसलं. मामानं स्वतः बनवलेले वीसेक आवाज त्यात होते. सनईच्या जवळ जाणारा एक, भजनाच्या पेटीसारखा एक, आणि एकाला तो "गोकाकचा धबधबा" म्हणायचा. आश्चर्य म्हणजे इतक्या वर्षांनी सेलमध्ये थोडा जीव शिल्लक होता आणि आवाज होते. कधी बदलला होता ते मामालाही आठवेना. त्या काळी साठवण कॅसेटवर व्हायची: मशीन किरकिरणारा एक आवाज काढतं, तो टेप करायचा, पुन्हा हवं तेव्हा तोच आवाज मशीनला ऐकवायचा. मी म्हटलं, कॅसेट कशाला, मोबाईल आहे. मोबाईलच्या रेकॉर्डरवर ती किरकिर घेतली, काकांना म्हटलं झालं, त्यांनी सेल काढून त्या जागी होल्डर बसवला.

घरी येऊन रेकॉर्डिंग मशीनला ऐकवलं. एरर. आवाज वाढवून, कमी करून, वायर बदलून. एरर. मोबाईलचा रेकॉर्डर माणसाचं बोलणं नीट यावं म्हणून बाकी आवाज कापतो आणि फाईल दाबून लहान करतो, हे मला माहीत होतं. रोज वापरतो मी. मशीनच्या दृष्टीनं ती किरकिर म्हणजे अक्षरं, आणि माझ्या मोबाईलनं नको असलेला गोंगाट म्हणून अक्षरंच खोडली होती. सेल काढण्याआधी एकदा तपासायचं, एवढंच काम होतं. त्यासाठी पॅनेलवर व्हेरिफाय नावाचं वेगळं बटणसुद्धा आहे.

मामाला सांगायला दोन दिवस लावले. तो काहीच बोलला नाही, उठून आत गेला आणि बिस्किटाच्या डब्यातून एक कॅसेट घेऊन आला. वर निळ्या पेनानं "मशीन" लिहिलेलं. मला वाटलं सुटलो. टेपरेकॉर्डरचा पट्टा विरघळला होता, तो बदलला. हेडचा बारीक स्क्रू फिरवत किरकिर जास्तीत जास्त स्वच्छ केली. काही सेकंद छान चाललं आणि मग किरकिरीतून एकदम काकड आरती सुरू झाली. आजीनं वरून टेप केलं होतं.

"चुकीचं काय केली नाही ती," मामा म्हणाला.

पट्ट्या मी सहाच्या सहा काढल्या. काकांचं मत होतं, आजारी दोनच काढा, चालणाऱ्याला हात लावू नये. मला वाटलं, दोन गेल्या त्याच थराखाली बाकीच्या चार आज ना उद्या जाणार. अजूनही मला तेच बरोबर वाटतं, पण काढताना एका चांगल्या पट्टीचा पाय तुटला, तेव्हा काका काही न बोलता चहा सांगायला गेले. पाय त्यांनीच नंतर तारेचा तुकडा लावून जोडून दिला. अॅसिटोन आमच्या शॉपमध्ये जॉब पुसायला असतंच. नेलपॉलिश काढायचं घेऊ नका, त्यात तेल आणि पाणी असतं. पहिली पट्टी मी पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबीत बुडवली. तासाभरात डबी टेबलाला चिकटली. मग बायकोची काचेची लोणच्याची बरणी घेतली, घट्ट झाकण लावून गच्चीवर सावलीत ठेवली. स्वयंपाकघरात ठेवायची चीज नाही ती, नाकाला झोंबते आणि ठिणगीनं पेटते.

दोन दिवसांनी थर सुजून सुटायला लागला, फणसाच्या गऱ्यावरचा पापुद्रा सुटतो तसा. दातकोरण्याच्या लाकडी काडीनं हलकेच सोलायचा. खाली पांढरी पट्टी, तिच्यावर मोहरीएवढे भाग. एखादा भाग थराबरोबर निघून आला तर पट्टी गेली. शॉपमध्ये मी मायक्रॉनमध्ये बोलतो, पण हात इतका कधी थरथरला नव्हता. सहापैकी पाच पट्ट्या जगल्या. दोन नंबरची तडतड पूर्ण गेली. चार नंबर मेलेलीच राहिली. तिच्यासाठी परदेशात कुणीतरी नव्यानं बनवलेली हुबेहूब पट्टी मागवली. अशा सुट्या भागांसाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड की बंगळूरचा एसपी रोड, हा आमचा नेहमीचा सीमाप्रश्न. दोन्हीकडे जायला एक रात्र गाडीत काढावी लागते. ही पट्टी दोन्हीकडे नव्हती.

इथे सहा आठवडे झाले होते आणि चित्ररथ आठवड्यावर आला होता. पाच कारागिरांवर मशीन जोडून घरी आणलं. नॉइजची सरकपट्टी वर, बाकीचे स्वर बंद, फिल्टर खाली, रेझोनन्स (फिल्टरची शीळ) दोन तृतीयांश, एक की दाबून धरली. वारा आला. एक की. एक कारागीर. वाऱ्याला एकच आवाज पुरतो. पहिल्याच दिवशी, चादर सोडली त्याच संध्याकाळी, नवा ट्रान्सफॉर्मर लावून हा वारा निघाला असता. बायको दारात उभी राहून म्हणाली, "म्हणजे बरणी उगीच वाया गेली?"

वारा मी वाजवला नाही, मामानं वाजवला. मी चार वेळा करून बघितला, पंखा चालू-बंद केल्यासारखा यायचा. मामा बसला, उजव्या हाताचा अंगठा फिल्टरच्या सरकपट्टीवर, करंगळी रेझोनन्सवर, डावा हात एलएफओच्या (आवाज आपोआप डोलवणाऱ्या भागाच्या) वेगावर. त्याला संवादांची फाईल ऐकवली. "पालखी उचला" या वाक्याआधी त्यानं वारा जवळजवळ बंद केला आणि वाक्य संपल्यावर खिंडीतून शीळ यावी तसा चढवला. कुणी सांगितलं नव्हतं. सरकपट्ट्यांकडे तो बघतही नव्हता. डोळे मिटलेले नव्हते, समोर टीव्हीवर म्यूट केलेली मालिका चालू होती आणि तो ती बघत होता.

त्याच संध्याकाळी त्यानं सनई पुन्हा बनवली. मला वाटलं होतं 128 आवाजांबरोबर ते सगळं गेलं. त्यानं पल्सची सरकपट्टी एवढी, फिल्टर एवढा, अटॅक (सूर उमटायचा वेग) जराशी, असं करत दहा मिनिटांत आणली. पेटी लगेच. धबधबा मात्र जमला नाही. "त्यात काहीतरी चुकून झालं होतं," म्हणाला. मशीनच्या मागे एक तीन जागांचा स्विच आहे, तो तिसऱ्या जागेवर ठेवला की सरकपट्टी हलली तशी तिची संख्या मिडीच्या, म्हणजे वाद्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या, वायरनं बाहेर जाते. पाच पिनांची ही वायर 1983 मध्ये ठरली आणि आजही माझ्या लॅपटॉपला ती भाषा कळते. मामाच्या अंगठ्याची हालचाल आता शून्य ते 127 मधल्या आकड्यांत माझ्याकडे आहे, आणि या वेळी दोन ठिकाणी.

जुनं चांगलं की नवं, हा वाद मला आता कंटाळवाणा वाटतो, तरी माझं मत सांगतो. मी 106 चा एक आवाज आणि प्लगइनमधला तोच आवाज रेकॉर्ड करून मंडळाच्या पोरांना ऐकवला. कुणालाही फरक कळला नाही, मलाही नाही. मामाला कळला, पण तो जुन्या मशीनचा म्हणून सांगतात त्या "गोडव्या"मुळे नाही. या वाद्याचा कोरस (एका आवाजाचे अनेक झाल्यासारखं करणारा भाग) आवाजाला एका चिपेतून हातोहात पुढे सरकवत उशीर लावतो, स्लॅब टाकताना घमेली पुढे देतात तसा. प्रत्येक हातात थोडं सिमेंट सांडतं. ते सांडणं म्हणजे मागे येणारी बारीक सूंऽऽ. मामानं ती ओळखली. प्लगइनमध्ये ती हवी तर चालू करायचं बटण असतं, मी बंद ठेवलं होतं. शिकायला सुरुवात करणाऱ्यानं जुनं मशीन घेऊ नये. 100 व्होल्ट, सेल, अॅसिटोन, हे शिकण्याचे विषय नाहीत. फुकटातलं प्लगइन घ्या आणि सरकपट्ट्या असलेला एखादा साधा कंट्रोलर जोडा, एका कामाला एक सरकपट्टी. मामाचे हात त्यामुळे तयार झाले, रोलँडच्या नावामुळे नाही.

एकदा रात्री त्याला चरणजित सिंग या मुंबईच्या वादकाची 1982 ची रेकॉर्ड ऐकवली, ज्युपिटर-8, टीबी-303 आणि टीआर-808 ही रोलँडचीच यंत्रं घेऊन राग वाजवलेत ती. त्या काळी ती फारशी चालली नाही, 2010 मध्ये पुन्हा निघाली तेव्हा जगानं डोक्यावर घेतली. मामानं अर्धा भैरव ऐकला. "हे आम्ही निपाणीत वाजवलो असतो तर खुर्च्या फेकले असते," म्हणाला आणि पुन्हा लावायला सांगितलं.

चित्ररथाच्या रात्री आमची ट्रॉली गल्लीच्या तोंडाशी दोन तास अडकली, पुढच्या मंडळाचा जनरेटर बंद पडला म्हणून. वारा सतरा वेळा वाजला. कुत्रा शेजारच्या ट्रॉलीवर भुंकला, तोच.

परदेशातून मागवलेली पट्टी नंतर तीन आठवड्यांनी आली. काकांनी चार नंबरच्या जागी सॉकेट बसवून त्यात लावली. सहाही कारागीर हजर. मामानं सा रे ग म प ध केलं, वर गेला, खाली आला, आणि थांबला.

"आता दर सहावा जरा जास्तच बोलालाय."

खरं होतं. पाच पट्ट्या चाळीस वर्षांच्या, एक नवी कोरी, तिचा फिल्टर इतरांपेक्षा उघडा. प्रत्येक कारागिरासाठी आत बारीक स्क्रू आहेत, ते फिरवून जुळवता येतं. काका रविवारी मोकळे आहेत. मामा म्हणतो, आणखी थोडे दिवस असू दे.